निरीक्षणाचा पाठ

डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षी सरावासाठी शाळा वाटून दिल्या, तेव्हा स्वरूपा जगदाळेला करोल बागेतली एक सरकारी प्राथमिक शाळा मिळाली. कुणाच्या वाट्याला नरेला आलं होतं, कुणाच्या नजफगढच्या पुढचं गाव. त्या मानानं ही मेट्रोपासून चालत जाण्याजोगी. मैत्रिणी म्हणाल्या, "लकी आहेस यार."

स्वरूपा दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये राहायची. वडील उदयसिंह जगदाळे सैन्यात सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्या घरात आजवर कुणी शिक्षक झालं नव्हतं. पोरगी मास्तरीण होणार हे त्यांनी क्वार्टर्समध्ये इतक्या जणांना सांगून ठेवलं होतं, की खालच्या मजल्यावरच्या काकू तिला आत्तापासूनच 'टीचरजी' म्हणायला लागल्या होत्या.

शाळा गाड्यांच्या सीट कव्हरांच्या दुकानांमागे होती. तिसरीचा वर्ग मिळाला. वर्गशिक्षिका कौशल्या मॅडम रोहतककडच्या, आवाजानं खणखणीत आणि मनानं बऱ्या. पहिल्याच दिवशी स्वतःच्या डब्यातला पराठा स्वरूपाच्या हातावर ठेवत त्यांनी वर्गाची ओळख करून दिली. पुढची मुलं हुशार, मधली ठीक, मागच्या बाकांवर कच्ची बसवलेली. "त्यांच्यामागे फार लागू नकोस," त्या त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "तुझाच घसा बसेल."

मागच्या बाकावर, भिंतीला टेकून, राजनंदिनी साळुंखे बसायची. दिवाळीनंतर आलेली मुलगी. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, आणि काही विचारलं की वेणीचं टोक तोंडात. कौशल्या मॅडमच्या मते ती गुमसुम होती, बहुतेक डोक्यानंही मंद. आडनाव ऐकून स्वरूपानं मधल्या सुट्टीत तिला सहज मराठीत विचारलं, "कुठली गं तू?"

मुलीनं मान वर केली. "विट्याची," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बाई, तुमाला आपलं बोलता येतं?"

तिचे वडील गलाईचं काम करायचे. लोकांचे जुने दागिने भट्टीवर वितळवून सोनं शुद्ध करून द्यायचं. विट्याकडची कितीतरी माणसं या धंद्यापायी देशभर पांगली आहेत, तशी करोल बागेतही. गावाकडे राजनंदिनी झेडपीच्या शाळेत होती आणि तिला धडाधड वाचता यायचं. तिची अडचण निराळीच होती. इथे आल्या आल्या तिनं कौशल्या मॅडमना 'बाई' म्हणून हाक मारली होती. इकडे बाई म्हणजे घरकाम करणारी. सगळा वर्ग हसला. त्यानंतर तिनं वर्गात तोंडच उघडलं नव्हतं.

आता ती मधल्या सुट्टीत स्वरूपाला चिकटून बसू लागली. एकदा समोरच्या भिंतीवर रंगवलेली ओळ तिनं बोट फिरवत वाचली, 'शिक्षा हर बच्चे का अधिकार है', आणि विचारलं, "बाई, शिक्षा करायचा अधिकार पोरांना कसा असंल?"

स्वरूपाला हसू आलं. "इथे शिक्षा म्हणजे शिक्षण. आपल्या शिक्षेला हिंदीत सज़ा म्हणतात."

"म्हंजी उलटंच," राजनंदिनी म्हणाली.

स्वरूपाचं सगळं शिक्षण दिल्लीत झालेलं. घरात मराठी बोलत असले तरी बरेच शब्द तिला ठाऊकच नव्हते. मूस हा त्यातलाच एक. राजनंदिनीनं हातांची ओंजळ करून दाखवली. मातीची वाटी असते, तिच्यात सोनं घालून भट्टीत ठेवायचं, आधी लाल होतं, मग पाणी होतं. सांगताना तिचे डोळे मोठे व्हायचे. ही मुलगी मंद आहे असं कुणाला कसं वाटलं, याचं स्वरूपाला नवल वाटायचं.

सरावाच्या काळात डी.एल.एड.च्या संस्थेतून भानुमती मॅडम पाठाचं निरीक्षण करायला यायच्या. मागे खुर्ची टाकून बसायच्या, लिहायच्या, आणि त्यांच्या शेऱ्यावर निकाल ठरायचा. स्वरूपाचा पहिला पाठ फसला. लांबी मोजायचा पाठ होता. पुढची चार-पाच मुलं उत्तरं देत राहिली आणि बाकीचा वर्ग खिडकीबाहेर बघत बसला. जाताना भानुमती मॅडम म्हणाल्या, "तुम्ही दोन रांगांना शिकवता. मागचे बाक तुमच्या वर्गात नाहीतच. पुढचा पाठ असाच झाला, तर सराव पुढच्या बॅचबरोबर पुन्हा करावा लागेल."

घरी स्वरूपानं हे सांगितलं नाही. पप्पांनी विचारलं तेव्हा "ठीक झालं" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या पाठाचा विषय होता आपल्या आसपासची कामं. तिला लगेच राजनंदिनी आठवली. तिनं तिला जवळ बसवून गलाईवर चार वाक्यं हिंदीत तयार करून घेतली. राजनंदिनी ती जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, जिथे तिथे पुटपुटत फिरायची. आदल्या दिवशी स्वरूपानं पाठाची तालीम घेतली आणि तिला फळ्यापाशी उभं केलं. पहिलं वाक्य आलं. दुसऱ्याला "मेरे पप्पा सोने को..." म्हणून ती अडली. पुढच्या बाकावरून कुणीतरी तिच्या उच्चारांची नक्कल केली, वर्ग हसला, आणि वेणीचं टोक तोंडात गेलं. स्वरूपा धीर देत राहिली, पण पुढे एक शब्द आला नाही. शेवटी तिनंच तिला जागेवर जायला सांगितलं.

शाळा सुटल्यावर कौशल्या मॅडम तिच्याजवळ आल्या. "बेटा, उद्या मागची मुलं मी बी सेक्शनमध्ये नेऊन बसवते. निरीक्षणाच्या दिवशी सगळेच असं करतात. माझ्या वेळीही केलं होतं. तुझं वर्ष वाया गेलं तर त्या मुलांचं काय भलं होणार आहे?"

"बघते," स्वरूपा म्हणाली.

मेट्रोत उभ्या उभ्या ती तेच घोळवत राहिली. नाही म्हणायचं, असं जनकपुरीला गाडी बदलेपर्यंत ठरलंही होतं. घरी आली तर पप्पा बुटांना पॉलिश करत बसले होते. "उद्या इन्स्पेक्शन ना तुमचं? बिल्कुल घाबरायचं नाही. तयारी असली की कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही." तिच्या चपला बाजूला ठेवून त्यांनी तिचेही बूट पॉलिशला घेतले होते. स्वरूपा आत जाऊन कपडे बदलू लागली; मेट्रोत ठरवलेलं आता तितकं पक्कं वाटेना.

सकाळी दाट धुकं होतं. राजनंदिनी सगळ्यांच्या आधी आली होती. हातात कापडी पिशवी. तिनं ती अलगद स्वरूपाच्या टेबलावर ठेवली आणि आतून मूस काढली. कोरी, पांढुरकी, कडेला बोट लावलं तर पीठ लागल्यासारखं व्हायचं. "जुनी फुटकी हुती," ती म्हणाली. "पप्पांनी चांगल्यातली दिली. म्हणले, बाईंच्या परीक्षेला न्हेतीस तर नवी ने." मग अजून जवळ येऊन, "मी काल घरी सगळं म्हणून दाखवलं. चारी वाक्यं आली."

स्वरूपानं मान हलवली. तेवढ्यात कौशल्या मॅडम दारात आल्या आणि मागच्या मुलांना नावं घेऊन उठवू लागल्या. मुलं सवयीनं उठली, दप्तरं घेतली, ओळीत उभी राहिली. राजनंदिनी टेबलापाशीच थांबली. आज आपलं काम आहे, तेव्हा ही हाक आपल्यासाठी नाही, अशी तिची खात्री होती.

"आणि ही?" कौशल्या मॅडमनी विचारलं.

व्हरांड्यात मुख्याध्यापकांचा आणि भानुमती मॅडमचा आवाज ऐकू येत होता. स्वरूपाला कालचं सगळं दिसलं, अडलेलं वाक्य, हसणारा वर्ग, मागे खुर्चीवर बसून लिहिणाऱ्या मॅडम. ती राजनंदिनीकडे वाकली आणि खालच्या आवाजात, मराठीत म्हणाली, "तू पण जा. आज नको."

दुसऱ्या कुणाला ते कळलं नाही.

राजनंदिनीनं मुशीकडे हात नेला. "राहू दे इथेच," स्वरूपा म्हणाली. मुलगी हात मागे घेऊन ओळीत शेवटी जाऊन उभी राहिली.

भानुमती मॅडमनी खुर्ची घेतली आणि रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली. "हजेरी कमी आहे?"

"हो मॅम. थंडीमुळे."

त्यांनी लिहून घेतलं.

पाठ सुरुवातीपासूनच रंगला. लविश नावाच्या मुलानं वडिलांची सीट कव्हर शिवायची मशीन आवाजासकट करून दाखवली. दुसऱ्या एकीची आई ब्युटी पार्लरमध्ये होती. मग मधेच वर्ग थंडावला, पुढे काय ते कुणाला सुचेना, आणि स्वरूपाचा हात टेबलावरच्या मुशीकडे गेला. ती उचलताना तिला अपराधी वाटलं, पण थांबावं इतकं नाही.

"हे काय आहे, ओळखा पाहू," तिनं हिंदीत विचारलं. कुणी दिवा म्हणालं, कुणी कुंडी. तिनं सगळं सांगितलं. सोनं आधी लाल होतं, मग पाणी होतं. हातांची ओंजळ करून दाखवली. मुलं बाकांवर गुडघे टेकून पुढे वाकली होती. लविशनं विचारलं, पाणी झालेलं सोनं ओतताना सांडलं तर? त्यावरून निदान दहा प्रश्न निघाले.

शेवटी भानुमती मॅडम स्वतः पुढे आल्या. त्यांनी मूस हातात घेऊन फिरवून पाहिली. "छान. मुलांच्या गल्लीतली वस्तू तुम्ही वर्गात आणलीत. पुस्तकाबाहेर गेलात. मागच्या वेळेपेक्षा जमीन-अस्मानाचा फरक आहे." कौशल्या मॅडम दारातून कौतुकानं हसल्या. स्वरूपा "थँक्यू मॅम" म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

मधल्या सुट्टीच्या घंटेला बी सेक्शनमधली मुलं परत आली. राजनंदिनी थेट टेबलापाशी गेली. पाठ झाल्यावर कुणीतरी मुशीत खडूचे तुकडे टाकून ठेवले होते. तिनं ते एकेक करून काढले, स्वेटरच्या बाहीनं मूस आतून पुसली आणि पिशवीत घातली.

"बाई," ती वर न बघता म्हणाली, "माझं कुणी सांगितलं?"

"मी," स्वरूपा म्हणाली.

राजनंदिनीनं मान डोलावली आणि जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी ती मधल्या सुट्टीत स्वरूपाजवळ बसायला आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. त्यानंतरही नाही. कौशल्या मॅडम म्हणाल्या, कडाक्याची थंडी आहे, निम्मी मुलं येत नाहीत. पण स्वरूपाला हजेरी घेताना तिच्या नावावर थांबावंसं वाटेना; ती ते नाव भरभर उच्चारून पुढे जायची. घरी पप्पांनी शेरा चांगला मिळाल्याच्या आनंदात जिलेबी आणली. "खा की. तोंड का पाडलंयस?" आई म्हणाली, दमली असेल. स्वरूपानं जिलेबी खाल्ली.

आठवडा सरत आला तशी एके दिवशी शाळा सुटल्यावर ती पत्ता विचारत मागच्या गल्ल्यांत गेली. गलाईवाले मराठे कुठे राहतात हे कुणीही सांगत होतं. अरुंद जिना, भट्टीचा आणि ॲसिडचा वास, आणि वर एक खोली. दार राजनंदिनीच्या आईनं उघडलं, गिरिजानं. मराठी ऐकून ती हरखलीच. "या की म्याडम, आत या. राजी तुमचं लई सांगायची." तिनं सतरंजी टाकली, चहा ठेवला. राजनंदिनी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. तिनं पाठ वळवली.

"बरी नाही का ती?" स्वरूपानं विचारलं.

"बरी हाय की. शाळंत जात न्हाई म्हणून बसलीया." गिरिजानं कप पुढे केला. "म्हणती, मला शिक्षा केली. म्हटलं, काय केलंस? तर सांगत न्हाई. काय केलं वो तिनं?"

एवढा सरळ प्रश्न होता, की खोटं उत्तर देणंही सोपं होतं. वर्गात दंगा चालला होता, गैरसमज झाला, असं काहीही चाललं असतं. स्वरूपानं कप खाली ठेवला.

"तिनं काहीच केलं नाही. मी केलं," ती म्हणाली, आणि घडलं ते सगळं सांगितलं. सांगताना वाक्यं लहान लहान होत गेली.

गिरिजाच्या चेहऱ्यावरचा आल्या-गेल्याचा आनंद विझला. "तिच्या पप्पांनी त्या दिशी संध्याकाळी इचारलं," ती म्हणाली, "मूस आवडली का बाईंस्नी? तर व्हय म्हणाली. चारी वाक्यं म्हटली का? तर व्हय म्हणाली. लई खूष झालं ते."

स्वरूपाला डोळे वर करता येईनात.

"तुमची परीक्षा हुती, कळतंय मला," गिरिजा म्हणाली. "पर म्याडम, हितं तिला बोलायला तुमीच तेवढ्या हुता."

स्वरूपा उठून कोपऱ्यात गेली, मुलीशेजारी खाली बसली. "राजनंदिनी, माझं चुकलं. खूप चुकलं. उद्या शाळेत ये."

मुलीनं एक पान उलटलं. मग म्हणाली, "मला कुठल्या वर्गात बसवणार?"

"आपल्याच. तुला हवं तिथे."

तिनं पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी स्वरूपा शाळेत जाण्याआधी संस्थेत गेली. भानुमती मॅडमच्या केबिनबाहेर ती वळून परत जायचा विचार करत असतानाच आतून "या" असं ऐकू आलं. तिनं सांगितलं. मुलं गैरहजर नव्हती, शेजारच्या वर्गात होती, आणि मूस त्यांच्यातल्याच एका मुलीची होती. कौशल्या मॅडमचं नाव तिनं घेतलं नाही.

भानुमती मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "मागचे बाक रिकामे होते, ते मला दिसलं होतं. शेजारच्या वर्गातली दाटीही दिसली होती. तुम्ही थंडी म्हणालात, मी थंडी लिहिलं. मलाही सोपं गेलं ते." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "पण मूस त्या मुलीची, हे मला माहीत नव्हतं. आणि त्याच गोष्टीसाठी मी तुमचं सगळ्यात जास्त कौतुक केलं."

"सॉरी मॅम."

"मला म्हणून काय उपयोग? पाठ रद्द होईल. पुन्हा घ्या, पूर्ण वर्गावर. कसा होतो ते बघू."

भानुमती मॅडमनी शाळेत फोन केला असावा. कौशल्या मॅडमना मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं, आणि त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "माझं नाव सांगायची काय गरज होती?" त्यांनी विचारलं.

"मी नाही सांगितलं, मॅम. खरंच."

"मी तुझ्या भल्यासाठीच म्हटलं होतं, बेटा." बेटा हा शब्द सवयीनं आला असावा, कारण पुढचे काही दिवस त्यांनी स्वरूपाला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. डबा त्या आता बी सेक्शनच्या मॅडमबरोबर खायच्या. स्वरूपाला वाटलं, एका ठिकाणची चूक निस्तरायला गेलो तर दुसरीकडे डाग पडतोच. पण त्याला आता इलाज नव्हता.

राजनंदिनी पुढच्या सोमवारी आली. तिला कुठेही बसायची मुभा होती. ती मागच्याच बाकावर जाऊन बसली, सोनम नावाच्या मुलीशेजारी. स्वरूपानं मराठीत विचारलं, "कशी आहेस?" ती उभी राहून म्हणाली, "ठीक हूँ, मैम." हिंदी स्वच्छ होती. इतर मुलं म्हणतात तसंच मैम. कौशल्या मॅडमनी वर बघितलं आणि त्यांना बरं वाटलं. स्वरूपानं नंतर दोनदा मराठीतून बोलून पाहिलं. दोन्ही वेळा उत्तर हिंदीतच आलं, अदबीनं, आणि लगेच संपलं.

नवा पाठ ठीकठाक झाला. या वेळी रजईवाल्यांवर, शिंप्यांवर, घरी राहणाऱ्या आयांच्या कामावर बोलणं झालं. स्वरूपानं मागच्या बाकांमध्ये फिरून प्रत्येकाला काहीतरी विचारलं. एका मुलाला रडू आलं, दोघं भांडले, वेळ पुरला नाही. राजनंदिनीपाशी ती थांबली तेव्हा मुलगी म्हणाली, "मेरी मम्मी खाना बनाती है," आणि खाली बसली. गलाईचं तिनं नाव काढलं नाही. स्वरूपानंही विचारलं नाही. तो अधिकार आपल्याला राहिलेला नाही, हे तिला कळत होतं. भानुमती मॅडमनी 'साधारण' असा शेरा दिला. पास होण्यापुरता.

घरी या वेळी तिनं पप्पांना खरं सांगितलं. आधीचा शेरा का गेला तेही. "पोरीची माफी मागितलीस?" त्यांनी विचारलं.

"मागितली."

"माफ केलं तिनं?"

"माहीत नाही, पप्पा."

सराव संपायच्या आठवड्यात ऊन पडायला लागलं होतं. मधल्या सुट्टीत स्वरूपा व्हरांड्यात उभी होती. खाली पटांगणात मुलींनी खडूनं चौकोन आखले होते, आणि राजनंदिनी सोनमशी तावातावानं भांडत होती. तिचा पाय रेषेवर पडला होता की नव्हता, यावरून. हिंदीत, हात नाचवत, मधेच एखादा मराठी शब्द घुसडून, आणि कुणी हसत नव्हतं. सोनमही तितक्याच जोरात ओरडत होती. राजनंदिनीचा एवढा मोठा आवाज स्वरूपानं कधी ऐकला नव्हता.

मग राजनंदिनीची नजर वर गेली. तिनं स्वरूपाला पाहिलं, आणि तिचा हात हवेतच थांबला. ती एकदम शांत झाली. स्वरूपाच्या ओठांवर हाक आली होती. ती तिनं गिळली, वळली आणि वर्गात निघून गेली. फळा पुसायचा होता. ती पुसू लागली. थोड्या वेळानं पटांगणातलं भांडण पुन्हा सुरू झाल्याचं तिला ऐकू आलं, तेव्हा तिनं खिडकीपाशी जायचं टाळलं.